धानाचं बियाणं कढत पाण्यात टाकू नका

रोहिणी लागली की आमच्या लाखांदूरकडे व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. 'धानाचं बियाणं हात भाजेल इतक्या गरम पाण्यात टाकून रात्रभर झाकून ठेवा. उष्णतेनं झोपलेले जीन जागे होतात, उगवण दुप्पट होते आणि पुढच्या पिढ्याही ऊन सोसतात.' गेल्या वर्षी माझ्या काकाजींनी हे केलं. तिसऱ्या दिवशी पोत्यात हात घातला तर दाणे चिकट, आंबूस वास, नखानं दाबलं की पिठाळ पाणी. पऱ्ह्यांचं, म्हणजे लावणीच्या रोपांचं, अर्धं बियाणं गेलं. म्हणून एकेक दावा घेते.

जीन जागे होतात ते उष्णतेनं? नाही. सुरुवात पाण्यानं होते. दाणा झाडावर पिकत असतानाच त्यात आरएनएचे निरोप, म्हणजे जीनमधल्या सूचनांच्या नकला, साठवले जातात. पाणी शिरलं की काही तासांतच त्या निरोपांवरून प्रथिनं बनू लागतात. मग दाण्यातला अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते कोंड्याच्या आतल्या थरात पोचतं, तिथं अमायलेजचे जीन चालू होतात आणि अमायलेज दाण्यातल्या पिठाची साखर करतं. त्या साखरेवरच कोंब वाढतो. तापमान या कामाचा वेग ठरवतं. धानाला 30 ते 35 अंश मानवतात, 10 अंशांच्या आसपास काम जवळपास थांबतं. जून महिन्यात विहिरीच्या साध्या पाण्यात भिजवून ओल्या पोत्यात दडपलेल्या बियाण्याला लागते तेवढी ऊब आपोआप मिळते. वेगळं तापवायचं कशासाठी?

जास्त गरम, तर जास्त जलद? घात इथंच होतो. तापमान 40 च्या बरंच पुढे गेलं की पेशी हीट शॉक जीन चालू करते. त्यांची प्रथिनं बाकीच्या मोडकळीला आलेल्या प्रथिनांना सावरून धरतात, आणि तोवर रोजचं काम मागे पडतं. जीन जागे झाले हे खरं, पण घराला आग लागल्यावर माणसं उठतात तसे. पाणी त्याहून कढत असेल तर अंड्याचा पांढरा भाग गोठतो तशी प्रथिनंच गोठतात. पुढे कुठलाच जीन कामाचा राहत नाही.

पुढच्या पिढ्यांची गोष्ट नवी नाही. गव्हाला थंडी देऊन त्याचा स्वभाव कायमचा बदलता येतो, असं सोव्हिएत रशियात ट्रोफिम लायसेन्को हा शेतीतज्ज्ञ सांगत होता. 1948 मध्ये ते सरकारी मतच झालं आणि विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या. थंडीनं गव्हातला व्हीआरएन1 हा फुलोऱ्याकडे नेणारा जीन चालू होतो हे खरंय, पण नव्या दाण्यात तो पुन्हा बंदच असतो. जीन चालू होणं वेगळं, जीन बदलणं वेगळं.

एक अर्धसत्य मात्र आहे. नुकत्याच कापलेल्या धानाची सुप्तावस्था, म्हणजे पाणी मिळूनही न उगवण्याची झोप, मोडायला प्रयोगशाळेत बियाणं 50 अंशांत काही दिवस ठेवतात. पण कोरडं, पाण्यात नाही. आणि दिवाळीत निघालेलं धान जूनपर्यंत कोठीत राहिलं की ती सुप्तावस्था तशीही सरलेली असते.

बियाण्यावर शंका असेल तर 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्यात 80 दाण्यांना कोंब आले तर प्रमाणित बियाण्याइतकी उगवण आहे. कमी आले तर पऱ्ह्यांना बियाणं वाढवून टाका. काकाजींनी यंदा असंच गोणपाट ओसरीत ठेवलंय. उद्या मोजायचं आहे.