सुई कुठली? पिशवीच्या बायोप्सीत सुईच नसते

“पिशवीची बायोप्सी करू नका, सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. सोनोग्राफी नॉर्मल आली की विषय संपला. फार तर पॅप स्मिअर आणि सीए-१२५ करा, कॅन्सर असेल तर त्यात कळतोच.” हा मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, आता पुन्हा रक्त जातंय, आणि ठरलेली तपासणी तिने रद्द केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ती सुई. पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, आतल्या अस्तराचा नमुना (बायोप्सी) सुई टोचून घेत नाहीत. साधारण ३ मिलिमीटर जाडीची लवचिक प्लॅस्टिकची नळी गर्भाशयमुखातून आत सरकवतात. तिच्यातला दट्ट्या मागे ओढला की अस्तराचे तुकडे आत खेचले जातात. नळी गोल फिरवत, मागेपुढे करत नमुना घेतात. काही मिनिटांचं काम, भूल बहुधा लागत नाही. पाळीतल्यासारखी कळ येते, कधी चांगलीच जोरात (हे आधी सांगायला बरेच जण विसरतात), म्हणून थोडा वेळ आधी वेदनाशामक गोळी देतात. पाळी चालू असलेल्या बाईला दिवस गेलेले नाहीत ना, हे आधी पाहतात. पाळी गेलेल्या बाईत गर्भाशयमुख आवळलेलं असलं तर नळी आतच जात नाही. मग भूल देऊन दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने, नमुना घ्यावा लागतो. हे अस्तर पाळीत दर महिन्याला आपणहून सुटून पडतं. त्याचा चिमूटभर तुकडा काढल्याने कॅन्सर अंगभर पसरतो, हे कुठलं शास्त्र?

भीतीला एक धागा आहे, तेवढा नाइलाजाने मान्य. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१४ साली इशारा दिला होता, पण तो फायब्रॉइडच्या (गर्भाशयातल्या साध्या गाठीच्या) ऑपरेशनमध्ये गाठ पोटातच यंत्राने बारीक करून काढण्याबद्दल. गाठ साधी समजली आणि सार्कोमा, म्हणजे कॅन्सरची, निघाली, तर तिचे कण पोटात पसरू शकतात. ते यंत्र वेगळं, ही नळी वेगळी.

सोनोग्राफीचा मुद्दा अर्धा खरा. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘एकॉग’ संघटनेने २०१८ साली स्पष्ट केलं आहे: पाळी गेल्यावर पहिल्यांदाच रक्त गेलं आणि योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असलं, तर कॅन्सर नसण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त, लगेच बायोप्सी नाही केली तरी चालते. मेसेजने गाळलेल्या अटी मात्र अशा: अस्तर पूर्ण आणि स्पष्ट दिसलेलं हवं. रक्त पुन्हा गेलं किंवा जातच राहिलं, तर जाडी कितीही कमी असो, नमुना घ्यायचा. आणि पाळी चालू असलेल्या बाईला हा आकडा लागूच नाही, कारण तिचं अस्तर महिन्याभरात पातळ-जाड होत राहतं. वय ४५ किंवा पुढे आणि रक्तस्राव विचित्र, तर नमुना आधी. त्याहून लहान वयातही लठ्ठपणा किंवा पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार) असेल, किंवा औषधांनी रक्त थांबत नसेल, तर तेच.

पॅप स्मिअर गर्भाशयमुखाच्या पेशी पाहतं, पिशवीच्या आतल्या अस्तराची तपासणी नव्हे. सीए-१२५ ही रक्ततपासणी; ते फायब्रॉइडमध्ये, एन्डोमेट्रिओसिसमध्ये (अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो त्या आजारात), नुसत्या पाळीतही वाढतं. त्यावरून निदान होत नाही.

बायोप्सीलाही मर्यादा आहेतच, पण मेसेजवाल्यांनी त्या सोडून भलतंच पकडलं. नळी अंधारात फिरते, अस्तराच्या काही भागाचाच नमुना येतो आणि पॉलिप (अस्तरावरची लोंबती वाढ) निसटू शकतो. तसा संशय असेल तर पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत पिशवीत थोडं सलाइन सोडून सोनोग्राफी करतात. पाण्यात पॉलिप किंवा आत डोकावणारा फायब्रॉइड वेगळा उठून दिसतो. किंवा थेट हिस्टेरोस्कोपी: बघून नेमकं तिथलंच काढायचं. रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ असं आलं तर तो नॉर्मल रिपोर्ट नव्हे. रक्त चालूच असेल तर पुढची तपासणी बाकी आहे.