कमी चाललेली नको, चालवलेली बघा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मेसेज करून एकच विचारलं, सेकंडहँड सुपरकार घ्यायचीये आणि ती रोज वापरायचीये, कुठली घेऊ. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथेच लिहितो, मोठं होईल पण वाचा.

आधी माझा वापर सांगतो. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स ते बर्मिंगहॅम, आठवड्यातून तीन दिवस, एम वन आणि पुढे एम सिक्स मोटरवेने, जाऊन येऊन साधारण १४० मैल. सुट्ट्या सोडल्या तरी वर्षाला १९ हजार मैल नुसते कामाचे. गेली दोन वर्षं हे सगळं मी २०१३ च्या ऑडी आर८ मध्ये करतोय, ४.२ लिटर व्ही८, एस ट्रॉनिक म्हणजे ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली. घेतली तेव्हा ५८ हजार मैल झालेले, आता ९८ हजार.

माझं मत ठाम आहे, भरपूर चालवायची असेल तर कमी चाललेली गाडी घेऊच नका. त्याच वर्षाची, तशीच आर८, फक्त १४ हजार मैलांची, माझ्या गाडीपेक्षा ११ हजार पौंडांनी महाग होती. ते ११ हजार कशाचे, तर आधीच्या मालकाने ती न चालवल्याचे. आणि मी पहिल्याच वर्षात ती ३३ हजारांवर नेणार, म्हणजे ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तेच मी बारा महिन्यांत संपवून टाकणार! रविवारी काढायची आणि परत कव्हर घालून ठेवायची असेल त्याने द्यावेत ते पैसे, त्याला ते पुढे विकताना परत मिळतील, आपल्याला नाही मिळणार.

ती गाडी मी बघून आलो होतो. रंग, सीट्स, सगळं नव्यासारखं. खाली बसून टायरवरचा कोड वाचला तर शेवटचे चार आकडे ४११२, म्हणजे २०१२ च्या ४१ व्या आठवड्यात बनलेला टायर, फॅक्टरीतून आला तोच अजून लावलेला. डीलर म्हणे नक्षी भरपूर आहे की. अहो नक्षी असेल, पण दहा वर्षांचं कडक झालेलं रबर घेऊन मी पावसात एम सिक्सवर ७० ने जाऊ? इथे गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा, म्हणजे वार्षिक फिटनेस तपासणीचा, सगळा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, प्रत्येक तपासणीचं रीडिंग आणि शेरे, त्यात एका वर्षी दोन एमओटींच्या मध्ये फक्त ६० मैल चाललेली दिसली. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, सील्स सुकतात, ब्रेकचं ऑइल हवेतली ओल ओढत राहतं, आणि मीटरवर यातलं काहीच दिसत नाही.

आमचे आबा सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं होते. त्यांना फोन करून दोन्ही गाड्यांबद्दल सांगितलं, तर त्यांनी किंमत विचारलीच नाही. म्हणाले, "जास्त पळालेलीची ऑइल बदलल्याची कागदं आहेत का बघ, आणि दोन पावत्यांमध्ये किती अंतर पळाली ते मांड." मी ५८ हजारवालीच्या पावत्या जमिनीवर पसरून बसलो, दरवर्षी सर्व्हिस, पुढचे डँपर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदललेले, क्लचचं काम झालेलं. त्याच संध्याकाळी टोकन दिलं.

आता बाकीच्या गाड्या, कारण आर८ सगळ्यांनाच आवडेल असं नाही. पोर्शे ९११ टर्बो, ९९७ मॉडेल, रोजच्या वापराला माझ्या मते आर८ च्या तोडीस तोड. काही लोक तिला सुपरकार मानत नाहीत, मी मानतो. २००९ पर्यंतच्या गाड्यांत मेट्झगर नावाचं इंजिन आहे, ते दणकट, पण त्यात कूलंटच्या पाइपांचे जोड फॅक्टरीत चिकटवलेले असतात आणि वयानुसार सुटतात, म्हणून ते वेल्ड किंवा पिन करून घेतलेत का हा पहिला प्रश्न. शिवाय इंजिन किती वेळा लिमिटच्या वर फिरवलं गेलंय त्याची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असते, तो रिपोर्ट मागाच.

फेरारीत ३६० ला टायमिंग बेल्ट आहे, एफ४३० पासून चेन आली, त्यामुळे भरपूर चालवणाऱ्याने निदान एफ४३० पासून पुढे बघावं. एफ१ गिअरबॉक्स, म्हणजे क्लच पेडल नसलेला, असेल तर क्लच किती टक्के झिजलाय ते मशीन लावून कळतं, लॅम्बोर्गिनी गायार्डोच्या ई गिअर बॉक्सलाही तेच, आणि ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्याने हे सिंगल क्लचवाले बॉक्स टाळलेलेच बरे. ४५८ ला ड्युअल क्लच आहे, सुंदर गाडी, पण मैल वाढले की फेरारीची किंमत फार पडते, मन घट्ट पाहिजे.

मॅक्लारेन १२सी स्वस्त दिसते म्हणून भुलू नका. तिचं सस्पेन्शन हायड्रॉलिक आहे, त्यातले दाब धरून ठेवणारे अ‍ॅक्युम्युलेटर जातात आणि बिल मोठं येतं. ५७०एस ला त्याऐवजी वळणावर गाडी कलू न देणारे साधे अँटी रोल बार आहेत, मॅक्लारेनच हवी असेल तर ती. जुनी होंडा एनएसएक्स, रेसर आयर्टन सेनाने सुझुकाच्या ट्रॅकवर चालवून बघितलेली, माझी लहानपणापासूनची आवडती, पण आज तिची किंमत इतकी वाढलीये की तिच्यावर वर्षाला १९ हजार मैल टाकायला माझा हात धजणार नाही.

खर्चाचं खरं सांगतो. मला गॅलनला २२ मैल मिळतात, लिटरला पावणेआठ किलोमीटर धरा. वर्षाला ४ हजार लिटर सुपर अनलेडेड, दीड पौंडाने ६ हजार पौंड नुसतं पेट्रोल. रोड टॅक्स ७०० पौंडांच्या वर. यात एक बारकावा आहे, २३ मार्च २००६ च्या आधी रजिस्टर झालेल्या गाड्यांना वरचा टॅक्स बँड लागत नाही, त्यामुळे फेब्रुवारी २००६ ची एफ४३० आणि एप्रिल २००६ ची एफ४३० यांच्या टॅक्समध्ये दरवर्षी मोठा फरक पडतो. इन्शुरन्सला मैल खरे सांगा, स्वस्त पॉलिसींना बऱ्याचदा ३ ते ५ हजार मैलांचीच मर्यादा असते, आणि कामासाठी वेगवेगळ्या ठिकाणी जात असाल तर नुसतं कम्युटिंग चालत नाही, बिझनेस यूज लागतो. मागचे टायर मला ११ हजार मैल पुरतात. सिरॅमिक ब्रेक असलेली मुद्दाम घेऊ नका, मोटरवेवर काही उपयोग नाही आणि डिस्क बदलायच्या झाल्या तर हजारोंत जाते.

माझ्या गाडीत दोष नाहीत असं नाही. पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जात असल्याने व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, कार्बन साठतो, या वर्षी वेग घेताना जरा मंद वाटायला लागली म्हणून साफ करून घेतली आणि एकदम मोकळी झाली. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असली तरी खालचे नटबोल्ट स्टीलचे आहेत, म्हणून दर शनिवारी कितीही थंडी असली तरी मी गाडी खालून धुतोच, पोरगी पाइप धरते.

मिडलँड्स किंवा लंडनच्या आसपास कुणी गाडी बघायला जाणार असेल तर कळवा, शनिवारी दुपारनंतर मी सोबत येतो. फक्त डीलरकडून आधी सगळ्या पावत्यांचे फोटो मागवून ठेवा.