नऊ शेअर आणि शंभर सह्या

माझा मावसभाऊ रविवारी सकाळी फोन करतो, तेव्हा माझ्याकडे शनिवारची रात्र असते. गेलं वर्षभर त्याचा विषय एकच. एका लहानशा कंपनीचे शेअर त्याने पंधरा वर्षं सांभाळलेत. त्या कंपनीने आपली एक जमीन प्रवर्तकांच्याच घरातल्या दुसऱ्या कंपनीला विकली, आणि तीही आजूबाजूच्या भावाच्या निम्म्यात, असं त्याचं म्हणणं. मंडळावर तीन स्वतंत्र संचालक. तिघांचाही होकार. ऑनलाइन वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायला गेला, तर दुसऱ्या वाक्यालाच माइक बंद. "दादा, तुमच्याकडे असतं ना, तर कोर्टात खेचलं असतं यांना. तुमच्याकडे नऊ शेअरवाल्याने मस्कला लोळवलं!"

'तुमच्याकडे' म्हणजे डेलावेअर. जेमतेम दहा लाख वस्तीचं हे राज्य, पण अमेरिकेतल्या पाचशे सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी दोनतृतीयांश कंपन्यांची नोंदणी इथली. त्यांचे संचालक चुकले की भांडण येतं ते इथल्या चॅन्सरी कोर्टात. हे कोर्ट १७९२ सालचं. ज्युरी नाही. एक चॅन्सलर आणि काही व्हाइस चॅन्सलर. खटला ऐकायचा त्यांनीच आणि निकालही लिहायचा त्यांनीच.

विल्मिंग्टनमधली त्याची इमारत माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. एकदा रजा काढून मी तिथे दिवसभर बसलो होतो. नाट्य वगैरे काही नव्हतं. मंडळाच्या एका बैठकीच्या इतिवृत्तातल्या एका शब्दावर तासभर गेला. 'चर्चा झाली', एवढंच इतिवृत्तात होतं. न्यायाधीश पुन्हा पुन्हा एकच विचारत होते: कुणी काय विचारलं? कागद बैठकीच्या आधी किती वेळ हातात होते? बचावाचा वकील पानं उलटत राहिला, आणि त्या पानांत उत्तर नव्हतं. आपल्याकडच्या कंपन्यांची इतिवृत्तं मी पूर्वी नोकरीनिमित्त टाइप केली आहेत. 'सविस्तर चर्चेअंती एकमताने ठरले' हे वाक्य आमच्याकडे आधीच छापून तयार असायचं. त्या दिवशी मला ते फार आठवलं.

हा प्रश्न विचारायची सवय या कोर्टांना जुनी. १९८५ साली ट्रान्स युनियन या कंपनीच्या खटल्यात डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने संचालकांना जबाबदार धरलं, ते चोरीसाठी नव्हे. अध्यक्ष व्हॅन गोरकॉम यांनी कंपनी ५५ डॉलर शेअरभावाने विकायचा प्रस्ताव वीस मिनिटांत तोंडी मांडला आणि दोन तासांत मंडळाने तो मंजूर केला. ५५ हा आकडा कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. भाव बाजारापेक्षा चढा होता, तरीही न्यायालय म्हणालं, हा घोर निष्काळजीपणा. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याने निदान प्रश्न तरी विचारायचा. फिड्युशियरी ड्युटी म्हणतात ती हीच. आपल्या भाषेत विश्वस्ताचं कर्तव्य.

पुढची गोष्ट मावसभावाला आवडत नाही, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो. त्या निकालाने संचालक इतके हादरले की पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, डेलावेअरने कायदा बदलला. नुसत्या निष्काळजीपणाची नुकसानभरपाई संचालकांच्या खिशातून घ्यायची नाही, असं कलम कंपन्यांना आपल्या घटनेत घालता येऊ लागलं. बहुतेकांनी ते घातलंही.

आता नऊ शेअरवाल्याची गोष्ट. जानेवारी २०२४ मध्ये चॅन्सलर कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी इलॉन मस्क यांचं ५५.८ अब्ज डॉलरचं मोबदल्याचं पॅकेज रद्द केलं. दावा गुदरणाऱ्याकडे टेस्लाचे अवघे नऊ शेअर होते. मंडळातले लोक मस्कच्या फार जवळचे आणि भागधारकांना पुरती माहिती दिली नाही, हा निकालाचा गाभा. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी फटाके फुटले. पण डिसेंबर २०२५ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. अख्खं पॅकेज रद्द करणं हा उपायच अयोग्य म्हणून ते परत दिलं, आणि वादीच्या पदरात नाममात्र एक डॉलर टाकला. त्या दिवशी ग्रुप शांत होता. मधल्या काळात टेस्ला नोंदणी बदलून टेक्ससला गेली. तिथल्या २०२५ च्या कायद्याप्रमाणे कंपनी आता अशी अट घालू शकते की, कंपनीच्या वतीने संचालकांवर दावा लावायचा तर तीन टक्के भांडवल हातात हवं. टेस्लाने लगेच ती घातली. टेस्लाचे तीन टक्के म्हणजे काय रक्कम होते, त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. डेलावेअरनेही मार्च २०२५ मध्ये घाईघाईने आपला कायदा नियंत्रक भागधारकांच्या, म्हणजे कंपनी ज्यांच्या मुठीत असते त्यांच्या, बाजूने मऊ केला. कंपन्या निघून जातील ही धास्ती. नोंदणीशुल्कावर पोसलेल्या राज्याला ती वाटणारच.

म्हणजे 'तुमच्याकडे' हा डोंगर दुरून साजरा आहे. वर्तमानपत्रात न येणारी एक गोष्ट आणखी. मला दोनदा अशा सामूहिक दाव्यांच्या तडजोडीचे चेक पोस्टाने आले. पहिला चार डॉलर बारा सेंटचा. सोबत बारीक अक्षरातली अकरा पानं, आणि त्यात वकिलांची फी काही कोटी डॉलर. दुसरा चेक वटवायचाच राहून गेला.

तरीही मावसभावाची तक्रार मला खोटी वाटत नाही. एकच घोटाळा दोन देशांत कसा वेगळा निपटला गेला, हे मी सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वेळी पाहिलं आहे. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं ते कबुलीपत्र आलं. वाघावर बसलो, खाली कसं उतरावं कळेना, असं त्यात होतं. आकडे वर्षानुवर्षं फुगवलेले. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमच्या शेअरवर आधारलेली रोखपत्रं घेतलेल्या लोकांनी इथे सामूहिक दावा लावला आणि २०११ मध्ये कंपनीने त्यांना साडेबारा कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. हेच शेअर मुंबईच्या बाजारात घेणाऱ्यांच्या एका संघटनेने ग्राहक आयोगाचं दार ठोठावलं. आयोगाने दावा घेतला नाही, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. खोटा ताळेबंद एकच, आणि भरपाई कुणाला मिळाली, तर शेअर न्यूयॉर्कला घेतला त्याला. आमच्या घरात वडिलांचे सत्यमचे शेअर होते. ते शेवटपर्यंत त्यावर बोलले नाहीत.

त्यानंतर आपल्याकडे २०१३ चा कंपनी कायदा आला, आणि तो वाचला की अमेरिकेचा हेवा वाटेनासा होतो. कलम १६६ मध्ये संचालकाचं कर्तव्य स्पष्ट लिहिलंय: सद्भावनेने वागायचं, सगळ्या सभासदांचं हित बघायचं, कर्मचारी, समाज, पर्यावरण यांचंही. डेलावेअरच्या कायद्यात एवढं उदार वाक्य नाही, तिथे सगळं न्यायाधीशांनी निकालानिकालातून घडवलंय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या खटल्यात म्हटलं होतं की संचालक विश्वस्त असतो तो कंपनीचा. सुट्या सुट्या भागधारकाचा विश्वस्त तो विशेष परिस्थितीतच ठरतो. तेही ठीक, जगभर साधारण हेच आहे. पण मग कंपनीच्या वतीने बोलायचं कुणी? कुंपणच शेत खातंय हे सांगायला शेत थोडंच कोर्टात जाणार?

त्यासाठी कलम २४५ आहे, सामूहिक दाव्याचं. ते २०१६ मध्ये लागू झालं आणि किती लोक लागतील हे ठरायला २०१९ उजाडलं: शंभर सभासद किंवा एकूण सभासदांचे पाच टक्के, जे कमी असेल ते. नाहीतर शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत दोन टक्के भांडवल. बँकिंग कंपन्यांना हे कलम लागूच नाही, असं त्यातच लिहिलंय. ज्या कंपन्यांचे छोटे भागधारक गावोगाव पसरलेत, त्यातल्या कितीतरी बँका आहेत, म्हणून ही ओळ मी दोनदा वाचली. या कलमाखाली गाजलेले दावे दिसायला २०२४ उजाडलं. जिंदाल पॉली फिल्म्स या कंपनीच्या छोट्या भागधारकांचा दावा त्यातलाच.

घरी वाद होतो तो असा. एक काका म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि असे दावे मोकाट सोडले तर कोणी भला माणूस संचालक व्हायला तयार होणार नाही. मावसभाऊ म्हणतो, आपले न्यायाधीश ढिले आणि कायदा बोथट. मला दोघांचंही पटत नाही. कायद्याला धार आहे. अडलंय ते दोन ठिकाणी, कागद आणि पैसा.

कागदाचं बघा. बोईंगची दोन ७३७ मॅक्स विमानं २०१८ आणि २०१९ मध्ये पडली, ३४६ माणसं गेली. दोन सरकारी पेन्शन फंडांनी संचालकांवर दावा लावला, पण त्याआधी डेलावेअरच्या कायद्याने कंपनीचे अंतर्गत कागद मागून घेतले. सहा लाखांहून जास्त पानं. त्यातून बाहेर आलं की विमानाची सुरक्षितता पाहणारी मंडळाची समितीच नव्हती, आणि पहिल्या अपघातानंतर मंडळाचा जो पहिला फोन झाला त्याला हजर राहणं ऐच्छिक होतं. ऐच्छिक! हे कळल्यावर २०२१ मध्ये व्हाइस चॅन्सलर झर्न यांनी दावा पुढे चालू दिला आणि दोनच महिन्यांत २३.७५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती रक्कम विमा कंपन्यांनी भरली, संचालकांनी नाही, हे खरं. पण सुरक्षेचा अनुभव असलेला संचालक मंडळावर घ्यावा लागला. आपल्याकडे सभासदाला सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघता येतं. जमीन कुणाला आणि का विकली हे जिथे ठरतं, त्या संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त मागायचा हक्क नाही. मग आरोप सिद्ध करायचा कशावर? (डेलावेअरनेही २०२५ च्या बदलात कागद मागायचा हक्क आखडला आहे. चांगल्या गोष्टीची नक्कल आपण करायच्या आत तीच आटतेय.)

आणि पैसा. इथला वकील स्वतःच्या खर्चाने लढतो, जिंकला तर टक्का घेतो. मस्कच्या खटल्यात वकिलांना चॅन्सलरने ३४.५ कोटी डॉलर मंजूर केले होते, तेही वर जाऊन बरेच कापले गेले. हे प्रकरण ओंगळ होतं, मान्य. पण त्या टक्क्यामुळेच नऊ शेअरवाला आठेक वर्षं लढू शकला. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमाने निकालावर बांधलेली फी वकिलाला घेताच येत नाही. मावसभावाला वकिलाने सुरुवातीचाच जो आकडा सांगितला, तो त्याच्या सगळ्या शेअरच्या किमतीहून जास्त होता. जिंकला तरी भरपाई कंपनीला मिळणार. हिशेब करणारा माणूस घरीच बसेल, आणि प्रवर्तकांना हे पक्कं ठाऊक असतं.

गंमत म्हणजे पैशाची सोय कायद्यात आहे. गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून, म्हणजे लोकांचा न उचललेला लाभांश जिथे जमा होतो तिथून, सामूहिक दाव्याचा खर्च कंपनी न्यायाधिकरणाच्या, म्हणजे असे दावे जिथे चालतात त्याच्या, मंजुरीने परत देता येतो, असं कलम १२५ सांगतं. पण परत, म्हणजे आधी खिशातून घालायचा. माझं मत विचाराल तर टक्क्याची अमेरिकन पद्धत आपण जशीच्या तशी आणू नये, चार डॉलरचे चेक मी पाहिलेत. दावा दाखल करून घेताना न्यायाधिकरणाने त्या निधीतून आगाऊ रक्कम द्यावी, आणि मंडळाचं संबंधित इतिवृत्त दावेदारासमोर ठेवायला लावावं. बाकी कायदा आहे तसा राहिला तरी चालेल. काका म्हणतात, यानेही खोडसाळ दावे वाढतील. खोडसाळ दावा लावणाऱ्याने समोरच्याला लाखापर्यंतचा खर्च द्यायचा, हे कलम २४५ मध्येच लिहिलेलं आहे. काकांनी ते कलम वाचलेलं नाही. मावसभावाने मात्र पाठ केलंय.

गेल्या महिन्यात त्याने शंभर सह्या गोळा करायच्या असं ठरवलं. सभासदांची नोंदवही बघायचा हक्क त्याला आहे, तो त्याने बजावला. पण २०२२ च्या नियमाप्रमाणे त्यात पत्ता आणि ईमेल दाखवत नाहीत. नावं आहेत, माणसं कुठे आहेत ते नाही. तेव्हापासून तो मला रोज रात्री नावांच्या यादीचा एक तुकडा पाठवतो आणि खाली लिहितो, "दादा, यातलं कुणी ओळखीचं आडनाव दिसतंय का बघ." परवा एक दिसलं, माझ्या शाळेतल्या बाकावरच्या मुलाचं. त्याला धरून चौदा झाले.