‘उरलेले पाच मार्क कुठे गेले?’ म्हणे विचारा

‘परफेक्शनिस्ट असाल तर अभिमान बाळगा’ हा फॉरवर्ड सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरतोय. आमच्या ताईने तो बारावीतल्या लेकीलाच पाठवला, वर दोन अंगठे लावून. एक शब्द खोडला गेला तर जर्नलचं अख्खं पान फाडून पुन्हा लिहिणाऱ्या पोरीला! म्हणून हे उत्तर.

दावा पहिला: परफेक्शनिस्टच पुढे जातात. २०१८ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’मध्ये ९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ही माणसं जास्त तास राबतात, कामाला जास्त जुंपून घेतात. एवढं मान्य, तेवढे मार्क फॉरवर्डवाल्याला देऊन टाकू. पण काम जास्त चांगलं होतं का? परफेक्शनिझमचा कामगिरीशी संबंध जवळजवळ शून्य निघाला. चिंता, नैराश्य आणि बर्नआउट, म्हणजे कामाने पार पिळून निघणं, मात्र सोबत होतेच.

दुसरा दावा डोक्यात गेला. ‘पंचाण्णव मिळाले तर उरलेले पाच कुठे गेले ते विचारा, मूल घडतं.’ काय घडतं ते सांगतो. चुकलं की घरात आपली किंमत उतरते, एवढं मूल नेमकं शिकतं. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि ‘लोकांना माझ्याकडून परफेक्टच हवंय’ ही धास्ती. नैराश्याशी, आत्महत्येच्या विचारांशी संशोधनात वारंवार जोडला गेलेला तो हा तिसरा. त्याला खतपाणी अशाच प्रश्नांचं. मग जमणार नाही या भीतीने पोर पुस्तकच उघडत नाही, आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे!

तिसरा: थेरपी माणसाला ‘चालतंय की’ म्हणायला शिकवते. कुणी सांगितलं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणून दशकं लोटली. ‘पहिलं यायला आवडेल’ ही इच्छा तिथे कुणी काढून घेत नाही. ‘आलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा हट्ट तपासतात. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, त्यात तर चक्क प्रयोग करायला लावतात. ईमेल एकदाच वाचून पाठवायचा, त्याने काय अनर्थ होईल ते आधी कागदावर लिहून ठेवायचं, मग प्रत्यक्षात काय झालं ते ताडून बघायचं. थेरपिस्टच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं’ यावर बोलण्यासारखं काही नाही. ताई, पोरीची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लाव. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.