‘लावा आणि विसरा’ : वनकंदांसाठी घातक सल्ला

वसंतात फुलणाऱ्या वनकंदांबद्दल, म्हणजे थंड प्रदेशांतल्या रानात झाडांखाली वाढणाऱ्या स्नोड्रॉप, विंटर अ‍ॅकोनाइट, वूड अ‍ॅनिमोनी, ब्लूबेल अशा फुलझाडांबद्दल, एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे: ‘कोरडे कंद आणा, झाडाखाली कुठेही पुरा, फुलं संपली की पानं कापा, पुढच्या वर्षी फुलं आली नाहीत तर खत घाला. बाकी विसरून जा.’ यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट नुकसान करते.

कोरडे कंद ट्यूलिपला चालतात. विंटर अ‍ॅकोनाइटच्या गाठी आणि वूड अ‍ॅनिमोनीची जमिनीखालची, काडीसारखी बारीक खोडं उघडी असतात, त्यांवर साल नसते. विक्रीसाठी नुसती पडून राहिली की सुकून मरतात. स्नोड्रॉपच्या कंदावर पातळ साल असते, तरीही तो फार काळ कोरडा राहिला की दगावतो. म्हणून स्नोड्रॉप आणि अ‍ॅकोनाइट फुलं ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच, मुळांसकट घ्यावेत. अर्थात रोपवाटिकेत वाढवलेलेच, रानातून उपटलेले नव्हेत. मुळं वाळू न देता लगेच लावा. देठाचा पांढुरका भाग जिथे संपतो, तिथपर्यंत माती यायला हवी.

कोरड्या गाठीच मिळाल्या तर रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी टणक लागेल ती लावा, मऊ किंवा पोकळ लागेल ती फेका. अ‍ॅकोनाइटची गाठ काळपट, सुरकुतलेली असते आणि तिची वरची बाजू कळत नाही. अशी गाठ आडवी ठेवली तरी कोंब वर येतो. अ‍ॅनिमोनीचं खोड आडवंच लावतात. खोली अशी: अ‍ॅनिमोनी 3 ते 5 सेंमी, अ‍ॅकोनाइट 5, स्नोड्रॉप 8 ते 10, ब्लूबेल 10.

‘झाडाखाली कुठेही’ हेही खरं नाही. या वनस्पतींचं सगळं वेळापत्रक पानगळीच्या झाडांवर बेतलेलं आहे: वर पालवी फुटण्याआधी जमिनीवर ऊन पोचतं, तेवढ्यात त्यांना वाढून घ्यायचं असतं. सदाहरित झाडाखाली ते ऊन मिळतच नाही. माती कुजलेल्या पाल्याची, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी हवी. दरवर्षी शरदात पाचोळ्याच्या खताचा 3 ते 5 सेंमी थर द्या.

सर्वांत मोठी चूक पानं कापण्याची. फुलं गेल्यावर हीच पानं कंदात अन्न भरतात आणि त्यावरच पुढच्या वर्षीची कळी अवलंबून असते. पानं कापू नका, त्यांना गाठीही मारू नका. पूर्ण पिवळी पडून आडवी होईपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, राहू द्या. याच काळात माती कोरडी पडली तर पाणी घाला. कळी न येण्यामागे ही कोरड बऱ्याचदा असते आणि नेमकी तीच नजरेतून सुटते.

खताने फुलं येतील असं धरून चालू नका. नत्र जास्त झालं तर पानं लुसलुशीत होतात आणि बुरशीला बळी पडतात. स्नोड्रॉपचा जुना पुंजका नुसती पानं देत असेल तर आधी दाटी तपासा. फुलं सरताच दात्यांच्या फावड्याने (गार्डन फोर्कने) सगळा पुंजका उचला, हाताने सोडवा, दोन-तीन कंदांचे गट करून 10 सेंमी अंतरावर लावा. दर तीन-चार वर्षांनी हे करावं. वाढ मुळातच अशक्त असेल तर कोंब वर येताना थोडं पालाश (पोटॅश) द्या.

आणि विसरून तर मुळीच जाऊ नका. स्नोड्रॉपचे कोंब मातीबाहेर येताना त्यांवर राखाडी, केसाळ बुरशी दिसली तर तो अख्खा पुंजका आजूबाजूच्या मातीसह काढून नष्ट करा. तो कंपोस्टमध्ये टाकू नका आणि त्या जागी पुन्हा स्नोड्रॉप लावू नका.