महामंडळे विकल्याने राज्याचे कर्ज फिटेल का?

‘एसटी आणि महावितरण तोट्यात आहेत, तो तोटा आपल्या करातून भरला जातो, म्हणून ती विकली की राज्याची तिजोरी मोकळी होईल,’ असा दावा सध्या वारंवार पुढे पाठवला जातो. त्यातील काळजी रास्त असली तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

एसटीला सरकारकडून मिळणारी सगळीच रक्कम तोट्याची भरपाई असते, हे गृहीतकच तपासून पाहावे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट, हे निर्णय मंत्रिमंडळाचे आहेत. त्यांचा परतावा म्हणजे सरकारने स्वतःच्या योजनेचे बिल चुकवणे होय. शिवाय हीच एसटी तिकिटामागे १७.५ टक्के प्रवासी कर राज्याला देते, याचा उल्लेख त्या संदेशात नसतो.

विजेबाबतही तेच. कृषिपंपांना स्वस्त किंवा मोफत वीज द्यायची असेल, तर वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार अनुदानाची रक्कम सरकारने आगाऊ दिली पाहिजे. ती उशिरा किंवा अपुरी आली की कंपनी कर्ज काढते आणि सरकारी धोरणाचा खर्च कंपनीचा तोटा म्हणून दिसू लागतो. मालक बदलल्याने हा खर्च संपत नाही. दिल्लीत वीजवितरण २००२ मध्ये खासगी भागीदारांकडे गेले, तरी २०१९ पासून २०० युनिटपर्यंतच्या मोफत विजेचे पैसे तेथील सरकार अर्थसंकल्पातूनच देत आले आहे. आपल्याकडे एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प तर खासगीच होता, पण महागड्या वीजखरेदीचा करार राज्य वीज मंडळाच्या गळ्यात पडला, त्याला राज्य सरकारची हमी होती, म्हणजे मंडळाने पैसे न दिल्यास सरकारने ते द्यायचे होते, आणि २००१ मध्ये मंडळाला बिले देणे अशक्य झाल्यावर कंपनीने नेमकी तीच हमी पुढे केली.

दाव्यात तथ्य आहे ते हमीच्या या जागी, आणि तिथे मात्र संदेश गप्प आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने राज्याच्या हमीवर रोखे काढून धरणे आणि कालव्यांसाठी पैसा उभारला; पाणीपट्टीतून त्याची परतफेड होण्यासारखी नव्हती, त्यामुळे अखेर भार अर्थसंकल्पावर आला. कर्ज महामंडळाच्या नावावर असल्याने ते राज्याच्या कर्जाच्या आकड्यात धरले जात नसे, म्हणून आमदारांनाही त्याचा अंदाज येत नसे. अर्थसंकल्पातून फेडली जाणारी अशी कर्जे राज्याच्या कर्जमर्यादेत मोजण्याचा निर्णय केंद्राने २०२२ मध्ये घेतला. काही महामंडळांचे लेखे वर्षानुवर्षे रखडतात, हा आक्षेप महालेखापरीक्षकांनी अनेकदा नोंदवला आहे. विक्रीची मागणी करणाऱ्यांनी आधी प्रत्येक महामंडळाचे थकीत अनुदान, हमी आणि लेखापरीक्षित ताळेबंद विधिमंडळात एकत्र मांडण्याची मागणी करावी; तोट्यात कारभाराचा वाटा किती आणि शासकीय निर्णयांचा किती, हे त्याशिवाय ठरवता येणार नाही.