प्रेस्टनचा न हरलेला हंगाम का मोजायचा नाही?

"इंग्लिश लीगमध्ये अख्खा हंगाम न हरलेला खरा संघ एकच, २००३-०४ चा आर्सेनल. १८८८-८९ चं प्रेस्टन धरू नका. गावातल्या हौशी मंडळींचं फुटबॉल होतं ते. सामने २२ च, समोर सगळे लिंबूटिंबू, गुण कसे द्यायचे तेही ठरलेलं नव्हतं आणि नियमही आजचे नव्हते." या आशयाचा मजकूर फुटबॉलप्रेमींमध्ये सतत फिरत असतो. आर्सेनलचा तो संघ मलाही फार आवडतो. पण त्याचं कौतुक करायला प्रेस्टन नॉर्थ एंडचं नाव पुसायची काहीच गरज नाही.

हौशीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यात चुकीचा आहे. प्रेस्टन हे उत्तर इंग्लंडच्या लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव आणि क्लबचा सर्वेसर्वा मेजर विल्यम सडेल हा गिरणीचा व्यवस्थापक. प्रेस्टन खेळाडूंना पैसे देतं, अशी तक्रार लंडनच्या अप्टन पार्क क्लबने १८८४ मध्ये एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या वेळी केली. सडेलने कानांवर हात ठेवले नाहीत. देतो, असं सरळ कबूल केलं. प्रेस्टन स्पर्धेबाहेर गेलं. पण उत्तरेतले क्लब वेगळी चूल मांडायला निघाले, तेव्हा जुलै १८८५ मध्ये एफएला पगारी खेळाडू मान्य करावेच लागले.

पगार दर आठवड्याला द्यायचा तर गेटवर पैसेही दर आठवड्याला जमायला हवेत, आणि घोडं तिथेच अडत होतं. मैत्रीचे सामने ठरायचे आणि समोरच्या क्लबचा कपचा सामना मध्ये आला की मोडायचे. यावर तोड काढली बर्मिंगहॅममध्ये कापडाचं दुकान चालवणाऱ्या विल्यम मॅकग्रेगरने. हा मूळचा स्कॉटिश, अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या कारभारातला माणूस. दहा-बारा मोठ्या क्लबांनी एकमेकांशी घरी एक आणि बाहेर एक असे सामने आधीच पक्के करावेत, असं पत्र त्याने २ मार्च १८८८ ला काही क्लबांना धाडलं. १७ एप्रिलला मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलात लीग उभी राहिली. लीगचा जन्मच पगार भागवण्याच्या गरजेतून झाला, तिला हौस कसं म्हणायचं? संघात फ्रेड ड्यूहर्स्टसारखा शाळामास्तर बिनपगारी खेळत होता हे खरं, पण तसे मोजकेच.

आणि बघायला कोण येत होतं? १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागलं, त्यांच्याशिवाय यंत्रं चालणार कशी, म्हणून पुरुषही सुटू लागले. शनिवार दुपारचं फुटबॉल या अर्ध्या सुट्टीवर पोसलं. त्याच सुमारास आपल्या मुंबईत गिरणी कामगाराला आठवड्याची एक सुट्टीसुद्धा नव्हती. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर जून १८९० मध्ये मिळाली. कापूस तोच, धंदाही तोच. प्रेस्टनच्या गर्दीचा विचार करताना मला हे दरवेळी आठवतं.

आता 'लिंबूटिंबू'. लीगमध्ये १२ क्लब होते. १८८४, १८८५ आणि १८८६ चा एफए कप ब्लॅकबर्न रोव्हर्सने जिंकला होता, १८८७ चा अ‍ॅस्टन व्हिलाने, १८८८ चा वेस्ट ब्रॉमविच अ‍ॅल्बियनने. लागोपाठ पाच वर्षांचे सगळे विजेते त्या बारांत होते. यातल्या वेस्ट ब्रॉमविचने तर १८८८ च्या अंतिम सामन्यात खुद्द प्रेस्टनलाच २-१ असं हरवलं होतं. ते दुखणं ताजं असताना सहा महिन्यांच्या आत, ८ सप्टेंबर १८८८ ला, लीग सुरू झाली. यांना लिंबूटिंबू म्हणणाऱ्याने त्या काळी इंग्लंडमध्ये यांच्याहून तगडे सहा क्लब तरी दाखवावेत.

सामने २२ च, हे कबूल. ३८ सामने न हरणं जास्त दमाचं काम आहे, यात वाद नाही. पण प्रेस्टनने २२ पैकी १८ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, ७४ गोल केले आणि १५ खाल्ले. आर्सेनलने ३८ सामन्यांत २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि गोल केले ७३. शिवाय प्रेस्टनने त्याच हंगामात एफए कपचे पाच सामने एकही गोल न खाता जिंकले: उपांत्य फेरीत त्याच वेस्ट ब्रॉमविचला १-० आणि ३० मार्च १८८९ ला लंडनच्या ओव्हलवर वुल्व्हजला ३-० असं हरवून. आर्सेनल त्या वर्षी कपमध्ये हरलं होतं.

गुणांबाबत मजकूर अर्धा बरोबर आहे. हंगाम सुरू झाला तेव्हा पद्धत पक्की नव्हती. विजयाला दोन आणि बरोबरीला एक, हे नोव्हेंबरात ठरलं. बरोबरीला काहीच देऊ नये, असंही काहींचं म्हणणं होतं. तसं झालं असतं तर? दुसऱ्या आलेल्या व्हिलाचे विजय १२, प्रेस्टनचे १८. प्रत्यक्षात गुण झाले २९ आणि ४०. कशानेही मोजा, पहिलं प्रेस्टनच. आणि न हरण्याचा गुणपद्धतीशी संबंध काय?

नियम वेगळे होते, हो. गोलला जाळं नव्हतं. गोलकीपर आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही हाताने चेंडू खेळू शके. क्रिकेटसारखं अपील करावं लागे. मैदानात दोन अम्पायर, त्यांचं पटलं नाही तर रेषेबाहेरचा रेफ्री निकाल देई. बदली खेळाडू नाही, त्यामुळे एखादा जायबंदी झाला की उरलेल्यांनी निभवायचं. पेनल्टी आली १८९१ मध्ये, म्हणजे ते ७४ च्या ७४ गोल पेनल्टीशिवायचे. हे सगळं समोरच्या संघालाही लागू होतं.

राहिलं 'गावातल्या मंडळींचं'. बॉब होम्स, बॉब हॉवर्थ, ड्यूहर्स्ट हे तिथले. पण जिमी रॉस, डेव्हिड रसेल, जॉर्ज ड्रमंड हे स्कॉटलंडचे, आणि गोलकीपर जेम्स ट्रेनर वेल्सचा. स्कॉटलंडमध्ये पगारी खेळाला १८९३ पर्यंत बंदी होती, म्हणून चांगला खेळाडू पोटासाठी लँकेशायर गाठत असे. जिमीचा थोरला भाऊ निक १८८३ मध्ये एडिंबराच्या हार्ट्स क्लबातून असाच प्रेस्टनला आला आणि कप्तान झाला. ज्या संघाची घडी बसवण्यात त्याचा मोठा वाटा होता, त्याला नेमका १८८८ च्या उन्हाळ्यात सोडून तो एव्हर्टनला गेला. तो हंगाम एव्हर्टनने आठव्या स्थानावर संपवला. पुढच्या वर्षी निक परतला आणि १८८९-९० ची लीगही प्रेस्टनने जिंकली, या वेळी दोघे भाऊ एकाच संघात होते. १८९४ मध्ये क्षयाने निक गेला, तेव्हा तो जेमतेम तिशी ओलांडलेला होता.